डायरीवालीचा अभ्यास

तिच्या डायरीत अभ्यासाला रंगच नव्हता. बाकी सगळ्याला होता. विद्यापीठाच्या रग्बी टीमचं काम हिरव्या रंगात, शिकवणी नारिंगी, मैत्रिणींबरोबरची जेवणं गुलाबी, प्रवास करडा, केस कापायला जाणं पिवळं आणि झोप, हो, झोपसुद्धा, फिक्या निळ्या रंगात. अर्ध्या अर्ध्या तासाच्या चौकटी आणि त्यांत टोकदार पेनाने भरलेली इवलीशी जपानी अक्षरं. पहिल्यांदा तिने ती डायरी आमच्या डायनिंग टेबलवर उघडली तेव्हा मी कौतुकाने म्हटलं, "छान आहे गं. पण यात अभ्यास कुठे आहे?" तिने पान उलटलं, पुढचं उलटलं, अगदी प्रामाणिकपणे शोधलं आणि म्हणाली, "नाहीये, आंटी." मग जरा विचार करून म्हणाली, "परीक्षेच्या आठवड्यात पेन्सिलने लिहिते."

त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव डायरीवाली पडलं.

ती आमच्याकडे आली २०१२च्या ऑगस्टमध्ये. सिंगापूरमधल्या बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी होती. 'फक्त मुलींना, हलका स्वयंपाक चालेल' अशी जाहिरात आम्ही दिली आणि ही जपानहून एका सत्रापुरती इथल्या विद्यापीठात आलेली मुलगी हजर झाली. तिकडे ती तिसऱ्या वर्षाला होती. ऑगस्टमध्ये यायचं, डिसेंबरमध्ये परत, असा तिचा बेत. तिचं इंग्रजी तुटक होतं पण नेमकं, उगाच शब्द नाही की उगाच हसणं नाही. ती जे बोलायची ते मी इथे मराठीतच लिहिते आहे, कारण माझ्या डोक्यात ते आता मराठीतच राहिलं आहे.

आमच्याबद्दलही सांगायला हवं. माझा नवरा श्रीकांत इथल्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनियर. मी त्याच्या मागून आले. त्याआधी पुण्याच्या एका कॉलेजात सतरा वर्षं संख्याशास्त्र शिकवत होते. २००४मध्ये इथे आल्यावर दोन वर्षं अर्ज केले. कुणी म्हणालं पीएच.डी. नाही, कुणी म्हणालं इथला अनुभव नाही, बहुतेकांनी काहीच म्हटलं नाही. शेवटी मी अर्ज करणं सोडून दिलं आणि आमच्या निखिलच्या मागे लागले. डायरीवाली आली तेव्हा तो चौदा वर्षांचा, शाळा सुटली की ट्यूशन, ट्यूशन सुटली की मी. आमच्या घरात अभ्यास हा चेष्टेचा विषय नव्हता.

आणि अशा घरात ही बसल्या बसल्या झोपायची. सोफ्यावर, बसमध्ये, जेवणाच्या टेबलावर भात शिजेपर्यंत. पाठ ताठ, हात मांडीवर, मान जराशी पुढे, आणि कुकरची शिट्टी झाली की डोळे उघडून "मदत करू का?" निखिलला याचं भारी अप्रूप. तो हॉलमधून त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडायचा, "आई, शी स्लीपिंग अगेन लाह! हाऊ कम आय कॅनॉट?" मी त्याला दटावायची, पण मनातून मलाही तेच वाटायचं. ही काय विद्यार्थिनी आहे? वर्गात काय करते, असं एकदा विचारलं तर म्हणाली, "वर्गात चांगली झोप येते. सर हळू बोलतात."

तिचं तिकडचं आयुष्य ऐकून मात्र मला दम लागला. पहाटे उठून रग्बीच्या मैदानावर जायचं. टीममध्ये ती मॅनेजर होती. मॅनेजर म्हणजे मला वाटलं काहीतरी मानाचं पद असेल. मॅनेजर म्हणजे मुलांच्या पाण्याच्या बाटल्या भरणं, टॉवेल धुणं, कोण किती पळालं ते लिहून ठेवणं आणि हरले की त्यांच्याबरोबर रडणं. मग विद्यापीठ. मग संध्याकाळी शिकवणीवर्ग, आणि तिथे ही शिकणारी नव्हे, शिकवणारी! शाळेतल्या मुलांकडून विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेचं गणित घोटून घ्यायची. दुसऱ्यांची मुलं विद्यापीठात पोचावीत म्हणून ही घसा कोरडा करत होती आणि स्वतः तिथे पोचून झोपा काढत होती. मी हे तिला बोलूनही दाखवलं. तिने मान डोलावली. "हो आंटी. माझ्या विद्यार्थ्यांनाही मी सांगते, आत आलात की झोपायला मिळेल."

"आणि हजेरी?" मी विचारलं.

"मैत्रीण माझी हजेरी लावते. मी तिची लावते. दोघींना आठवड्यातून दोन दिवस मोकळे मिळतात."

पुण्यातही माझ्या वर्गात प्रॉक्सी लागायच्या. पण आमची मुलं पकडली गेली की निदान खाली बघायची. हिने तर मला दोघींची वाटणी डायरीत काढून दाखवली, आणि सोमवार का सोयीचा नाही तेही समजावून सांगितलं.

मी चिडले की ती चिडायची नाही. एकदा मी फारच तोंड सोडलं. आईबापांनी एवढ्या लांब पाठवलं, एवढी चांगली लायब्ररी आहे, आणि तू इथेसुद्धा दोन आठवड्यांत ड्रॅगन बोटच्या, त्या लांब होड्या वल्हवायच्या शर्यतीच्या, टीममध्ये जाऊन पाण्याच्या बाटल्या भरायला लागलीस, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "आंटी, सहा वर्षांची होते तेव्हापासून अठरापर्यंत मी फक्त अभ्यास केला. बाविसाव्या वर्षी नोकरी लागेल, ती साठीपर्यंत. मधली चार वर्षं माझी आहेत. त्यातही कंपनीवाले विचारतात, कॉलेजात कुठल्या गोष्टीसाठी मेहनत घेतली? तेव्हा रग्बी सांगायचं असतं. मार्क कुणी विचारत नाही."

मार्क कुणी विचारत नाही! हे वाक्य माझ्या कानात नुसतं शिरलं नाही, टोचलं. सतरा वर्षं मी ज्याच्या जोरावर वर्गात ताठ उभी राहिले त्यालाच तिने चार शब्दांत कचऱ्याचा डबा दाखवला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ती तिच्या देशाची व्यवस्था सांगते आहे. मला वाटलं, ती आळसाचं समर्थन करते आहे.

सप्टेंबरमधली एक दुपार. निखिल टेबलावर गणित घेऊन बसला होता, मी कणीक मळत होते, आणि डायरीवाली नेहमीप्रमाणे खुर्चीत बसून झोपली होती. निखिलने काहीतरी चुकीचं लिहिलं. मी हात धुऊन येईपर्यंत तिने डोळे अर्धवट उघडले, बोट पुढे केलं, एका ओळीवर टेकवलं आणि परत मिटले. मी येऊन बघितलं. चूक बरोबर तिथेच होती, आणि ती सहजासहजी दिसणारी नव्हती. मी ओल्या हातांनी तिथेच उभी राहिले. वर्गात हुशार मूल सापडल्यावर मला जे व्हायचं ते आठ वर्षांनी पुन्हा झालं होतं.

तिला एक विषय संख्याशास्त्राचा होताच, त्याच्या पहिल्या चाचणीत ती आपटली होती. मी म्हटलं, पुस्तक मिटून ठेव. आपल्या ब्लॉकखाली बस थांबते ना, ती सरासरी दहा मिनिटांनी येते असं धरू. तू कधीही स्टॉपवर गेलीस तर सरासरी किती थांबावं लागेल? ती म्हणाली, पाच मिनिटं. मग रोज त्याहून जास्त का थांबतेस? ती म्हणाली, "माझं नशीब." मी म्हटलं, नशीब नाही. खाली जा, बसून मोज आणि मला सांग.

मला वाटलं होतं एक दिवस बसेल. ती दोन आठवडे बसली. सकाळी, दुपारी, पावसात, छत्री धरून. शेजारच्या चिनी आजीबाईंना वाटलं मुलगी कुणाची तरी वाट बघते आहे, त्या तिला रोज एक केळं देऊन जायच्या. दोन आठवड्यांनी एका संध्याकाळी लिफ्टची वाट न बघता नऊ मजले चढून ती धापा टाकत दारात आली. "आंटी, कळलं! बसा सारख्या अंतराने येत नाहीत. दोन पाठोपाठ येतात, मग मोठा खंड पडतो. आणि मी मोठ्या खंडातच सापडते, कारण तो मोठा आहे! सगळे त्यातच सापडतात!" तिचे गाल लाल झाले होते. या मुलीला मी पहिल्यांदाच पूर्ण जागी बघत होते. मी तिला मिठी मारली. तिला मिठीची सवय नव्हती, ती हात खाली सोडून तशीच उभी राहिली, पण हसत होती.

त्या रात्री जेवताना तिने मला गंभीरपणे विचारलं, "अभ्यासाला कुठला रंग घेऊ? सगळे वापरून झाले." आम्ही खालच्या दुकानातून जांभळं पेन आणलं.

मग जांभळा वाढत गेला. आधी हिरवा आटला, मग गुलाबी. ड्रॅगन बोटच्या बाटल्या दुसऱ्या कुणीतरी भरायला लागलं. ती रोज दुपारी टेबलावर माझ्यासमोर बसायची, मी शिकवायची, ती विचारायची. प्रश्न विचारायला तिला आधी लाज वाटायची. वर्गात प्रश्न विचारणं म्हणजे सगळ्यांचा वेळ खाणं, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं. ते मी मोडून काढलं. बसच्या त्या नोंदींवर तिने एक निबंध लिहिला आणि इथल्या विद्यापीठातल्या तिच्या प्राध्यापकांना तो इतका आवडला की त्यांनी तिला थांबायला सांगितलं. अजून एक सत्र, जानेवारी ते मे, त्यांच्या हाताखाली प्रकल्प. मला वाटलं, माझाच कुणीतरी सत्कार केला.

ती मात्र त्या संध्याकाळी झोपली नाही, जेवलीही नाही. एक कोरा कागद घेऊन माझ्यासमोर बसली आणि तिने मला सगळं काढून दाखवलं. तिकडे एक डिसेंबरला सगळ्या मोठ्या कंपन्यांची दारं एकाच दिवशी उघडतात. तिसऱ्या वर्षाची सगळी मुलं एकसारखा काळा सूट घालून माहितीसभांना धावतात. एप्रिलमध्ये मुलाखती, मे संपता संपता बहुतेक सगळ्यांचं पक्कं झालेलं. पुढच्या मार्चमध्ये पदवी आणि एप्रिलमध्ये सगळे एकाच दिवशी कामावर. तिने डिसेंबरपासून मेपर्यंत एक रेघ ओढली आणि त्या रेघेखाली सिंगापूर असं लिहिलं.

"मग पुढच्या वर्षी दे ना मुलाखती," मी म्हटलं.

"पुढच्या वर्षी पुढच्या वर्षीची मुलं येतात, आंटी."

"अगं, पण चांगल्या विद्यार्थ्याला नोकरी मिळत नाही असं कुठे असतं का?"

"आमच्याकडे चांगला विद्यार्थी म्हणजे वेळेवर आलेला विद्यार्थी."

यापेक्षा स्पष्ट आणखी काय सांगायचं असतं? मला ते समजलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की मला कळलं नव्हतं, त्यांच्याकडचं मला काय ठाऊक असणार. ठाऊक होतं. कागदावर काढून दाखवलेलं होतं. मला ते पटलं नव्हतं, एवढंच. ज्या देशात एवढी हुशार मुलगी केवळ सहा महिने उशिरा आली म्हणून नापास होते तो देश चुकीचा आहे असं मी ठरवलं, आणि देश चुकीचा आहे म्हटल्यावर तो माझ्या म्हणण्याप्रमाणे वागेल असंही गृहीत धरलं. आम्हा पुणेरी मास्तरांना ही खोड असते. आपल्याला पटलेली गोष्ट जगानेही कधीच मान्य केली असणार, असं आम्हाला वाटतं.

श्रीकांतने मला सावध केलं होतं. यार्डात जपानी जहाजमालकांशी त्याचा रोजचा संबंध. तो म्हणाला, "अगं, तिच्या देशाचं तिला कळतं. ही माणसं तारखेला किती चिकट असतात ते तुला माहीत नाही. डॉकची तारीख हुकली की ती ऐकून घेत नाहीत."

"अरे, ती मुलगी आहे, जहाज नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला आणि पेपर वाचायला लागला. मी त्याच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

डायरीवालीला नाही म्हणता येत नव्हतं. ती म्हणायची, "विचार करते, आंटी." आपल्याकडे कुणी 'बघू' म्हटलं की काय समजायचं ते मला चांगलं कळतं. पण हिचं 'विचार करते' मी होकाराच्या दिशेने ओढत राहिले. खोली मेअखेरपर्यंत तुझ्याच नावावर आहे. प्राध्यापक स्वतःहून बोलावतायत, हे कितीजणांच्या वाट्याला येतं? शेवटी वडिलांना लिहायचं कसं यावर गाडी अडली, तर त्या पत्राचा मसुदाही मीच इंग्रजीत करून दिला. तिने तो जपानीत उतरवला. वडिलांचं उत्तर आठ दिवसांनी आलं, तिने मला वाचून दाखवलं. 'तू आता मोठी आहेस. निर्णय तुझा आणि त्याची जबाबदारीही तुझी.' मला ते फार समंजस वाटलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, तो मी बघितला आणि चहा टाकायला उठले.

आता खरं ते बोलून टाकते. मला विद्यार्थिनी हवी होती. डिसेंबरमध्ये ती गेली असती तर दुपारी त्या टेबलावर मी परत एकटी पडले असते, निखिलच्या वह्या आणि कणीक यांच्यामध्ये. तिच्या भल्यासाठी म्हणून मी जे जे बोलले त्या सगळ्याच्या मुळाशी हे होतं. कुणाचं भलं करताना आपला आवाज चढायला लागला की समजावं, त्यात आपलं काहीतरी अडकलंय.

ती थांबली. जानेवारी ते मे हे पाच महिने मी आयुष्यात विसरणार नाही. एवढी मेहनत घेणारी विद्यार्थिनी मला पुण्यात सतरा वर्षांत मिळाली नव्हती. प्रकल्पात ती सगळ्यांच्या पुढे राहिली, प्राध्यापकांनी तिच्या नावाची शिफारस लिहून दिली. या काळात तिच्या मैत्रिणींचे फोन यायचे. त्या धावपळीत होत्या, एका दिवसात तीन तीन मुलाखती, पायांना फोड आलेले. एप्रिलमध्ये एकेकीचं पक्कं व्हायला लागलं. प्रत्येक फोन ठेवल्यावर ही खोलीत जाऊन यायची आणि मग परत टेबलावर बसून म्हणायची, "आंटी, पुढचं."

मे महिन्यात सामान भरताना तिने कपाटातून तो काळा सूट काढला. ऑगस्टमध्ये येतानाच तो तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला होता, म्हणजे डिसेंबरमध्ये परत गेल्या गेल्या घालता यावा. इथल्या दमट हवेत त्याच्या कॉलरवर पांढरी बुरशी धरली होती. मी म्हटलं, थांब, ड्रायक्लीनला देऊ. ती म्हणाली, "वेळ नाही." आणि बाथरूमच्या दारात बसून ओल्या फडक्याने ती कॉलर पुसत राहिली. बुरशी निघाली, पण तिथला काळा रंग जरा विटला. चांगी विमानतळावर आम्ही तिघंही सोडायला गेलो होतो. तिने कमरेत वाकून नमस्कार केला, मला दोनदा केला.

जूनमध्ये तिच्या मेल यायला लागल्या. पहिल्या लांबलचक होत्या. उरलेल्या कंपन्यांना अर्ज करते आहे, सूट रोज घालते, उन्हाळा आहे. एका मुलाखतीत नेहमीचा प्रश्न आला, विद्यार्थिदशेत कुठल्या गोष्टीसाठी मेहनत घेतलीत? हिने सांगितलं, संख्याशास्त्र. समोरचे तिघं छान हसले. मग एकाने विचारलं, "म्हणजे तुम्हाला लोकांत मिसळायला आवडत नाही का?" तिने बसस्टॉपची गोष्ट सांगायला सुरुवात केली, पण वेळ संपला होता. दुसऱ्या एकाने प्राध्यापकांचं शिफारसपत्र उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "मग तुम्ही एप्रिलमध्ये कुठे होतात?"

ऑगस्टनंतर मेल आखूड झाल्या. 'आजही नाही.' 'आज शेवटच्या फेरीपर्यंत गेले, पण नाही.' मी लांब लांब उत्तरं लिहायची, धीर सोडू नकोस, तुझ्यासारखी हुशार मुलगी वगैरे. हुशार हा शब्द मी किती वेळा लिहिला असेन देव जाणे. मार्चमध्ये तिला पदवी मिळाली आणि नोकरी नाही. तिकडे पदवी घेऊन रिकामं बसलेल्या माणसाकडे, आत काहीतरी बिघाड असणार अशा नजरेने बघतात, असं तिने लिहिलं होतं. एवढं सगळं झाल्यावर मी काय करावं? मी तिला लिहिलं, एम.ए. कर. अजून शीक. माझ्या पोतडीत एकच औषध होतं आणि त्यानेच आजार झाला होता हे मला तेव्हाही दिसलं नाही. तिचं उत्तर आलं, 'धन्यवाद, आंटी. विचार करते.' त्यानंतर तिची मेल आली नाही. मी चार-पाच लिहिल्या, मग मलाच माझ्या मेल वाचवेनात.

२०१८मध्ये अचानक तिच्या दोन ओळी आल्या. सिंगापूरला एका प्रदर्शनाच्या कामासाठी येते आहे, तीन दिवस. एका दुपारी जेवणाची सुट्टी आहे, बेडोकच्या हॉकर सेंटरला, तिथल्या खाण्याच्या गाळ्यांपाशी, भेटता येईल का? मी सकाळी उठून शंकरपाळे तळले. जुरॉंग ईस्टला मेट्रो बदलून आख्खं बेट ओलांडून पोचले तर मी पाऊण तास आधीच हजर होते.

ती ठरल्या मिनिटाला आली. तसाच काळा सूट, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांखाली काळं. जरा वाळली होती. मला बघून वाकली, मग आठवण झाल्यासारखी पुढे येऊन तिने मला मिठी मारली, स्वतःहून. मला वाटलं होतं मी रडेन, पण आधी मीच तिच्यासाठी भात आणायला धावले. तिच्याकडे चाळीस मिनिटं होती.

ती एका एजन्सीकडून काम करत होती. एजन्सी देईल त्या ऑफिसात कंत्राटावर जायचं, काही महिने, कधी वर्ष, मग दुसरीकडे. या प्रदर्शनात ती दारात उभी राहून पाहुण्यांच्या गळ्यात ओळखपत्रं घालत होती. तिच्याबरोबरची रग्बी टीममधली दुसरी मॅनेजर हे प्रदर्शन भरवणाऱ्या कंपनीत कायम होती आणि त्याची प्रमुख म्हणून आली होती. "तिला वर्गात माझ्याहून कमी मार्क होते," डायरीवाली म्हणाली आणि हसली. "ऑफिसात मला नावाने हाक मारत नाहीत. 'एजन्सीवाल्या' म्हणतात. नाव लक्षात ठेवून काय करायचं, मी जाणारच."

"तू पुन्हा प्रयत्न..." मी सुरुवात केली. ती भात खात होती, पटापट, घड्याळाकडे लक्ष ठेवून.

मला माफी मागायची होती. त्यासाठीच मी आले होते. गाडीत सगळी वाक्यं मनात नीट लावून ठेवली होती. म्हटलं, "त्या डिसेंबरमध्ये मी तुला थांबवायला नको होतं. तू मला कागदावर काढून दाखवलं होतंस. चूक माझी होती."

ती खायची थांबली. "हो," ती म्हणाली.

मी वाट बघत राहिले की ती पुढे काहीतरी म्हणेल, नाही आंटी, तसं नाही, निर्णय माझाच होता, असं काहीतरी. वडीलधाऱ्याने माफी मागितली की धाकट्याने म्हणायचं असतं ते. तिने तसं काही म्हटलं नाही. ती खरं बोलायची, आधीही आणि आताही. मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "संख्याशास्त्र आठवतं का गं?"

"नाही. विसरले," ती म्हणाली. "आपोआप विसरले नाही. ठरवून विसरले. वही फेकली, पुस्तकं दिली. नाहीतर कुठेही बसची वाट बघताना डोक्यात सुरू व्हायचं, आणि मग दिवसभर काम जमायचं नाही."

तिची चाळीस मिनिटं संपली. तिने ताट उचलून जागच्या जागी नेऊन ठेवलं, शंकरपाळ्यांचा डबा दोन्ही हातांनी घेतला, बॅगेत नीट बसवला. मग सरळ उभी राहिली आणि माझ्याकडे बघत, हळूहळू, एकेक शब्द शोधून म्हणाली, "आंटी, तुम्ही फार चांगलं शिकवता. थोडं वाईट शिकवलं असतं तर मी डिसेंबरमध्ये परत गेले असते."

तिच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता, टोमणा मारणं तिला येतच नव्हतं. हिशेब करून निघालेलं उत्तर सांगावं तसं तिने ते सांगितलं, वाकून नमस्कार केला आणि गर्दीतून भराभर निघून गेली.

मागच्या महिन्यात आमच्या मंडळातल्या एक बाई त्यांच्या मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी पहिल्या वर्षाला, संख्याशास्त्रात अडते, पण डोळे चमकदार, बोलायला चटपटीत. बाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही पुण्याला शिकवायचात असं ऐकलं. आठवड्यातून एखादी दुपार हिला बघाल का? हुशार आहे हो, फक्त कुणीतरी गोडी लावायला हवी." मुलगी माझ्याकडे आशेने बघत होती. मी त्यांना चहा दिला, एका ट्यूशन सेंटरचा नंबर दिला आणि सांगितलं की मला अजिबात वेळ नसतो.

निखिल आता दुसरीकडे राहतो, श्रीकांत यार्डातून रात्री येतो. वेळ मला भरपूर आहे.